आगर चालू असताना

उलव्याच्या गोटीरामचं आणि पावसाचं जन्माचं वाकडं होतं. मृग जवळ आला की गावातली बाकीची माणसं आभाळाकडे पाहून सुखावायची. हा मात्र मिठागराच्या बांधावर उभा राहून ढगांच्या नावानं बोटं मोडायचा. त्याचं तरी काय चुकलं म्हणा! दिवाळी सरली की खाडीचं पाणी आगरात घ्यायचं, उन्हावर आटवायचं, लाकडी फावड्यानं मीठ ओढायचं, बांधावर ढीग घालायचे. आणि वैशाखात एखादी अवकाळी सर आली, की महिन्याची मेहनत डोळ्यांदेखत पुन्हा खाडीत.

त्याच्या बायकोची, पुतळेची, तऱ्हा उलटी. तिला पाऊस हवा असायचा, कारण पाऊसच नवऱ्याला घरी आणायचा. आगर चालू असताना आगर सोडायचं नाही, हा गोटीरामच्या बापापासूनचा नेम. सहा-सात महिने तो बांधावरच्या झोपडीत राहायचा. घर काही फार लांब नव्हतं, पण एकुलता एक कान्हा जन्मला तेव्हासुद्धा हा गडी आला नाही. पावसाच्या पाण्यानं आगर बुडालं की मगच मिठाची शेवटची पाटी डोक्यावर घेऊन यायचा. ते मीठ पुतळा मडक्यात भरायची, त्यातली पहिली चिमूट कालवणात टाकायची आणि सगळे एकत्र जेवायला बसायचे. घरातलं कुणी आगरावरून यायचं राहिलं असेल तर मडकं उघडायचं नाही, अशी त्या घराची रीत होती.

सत्तावन्न साली खाडीतून मीठ न्यायला आलेल्या मचव्यावर धर्मा नावाचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होता. त्यानं कच्छची गोष्ट सांगितली. "तिकडं पाऊस म्हंजी चार शिंतोडे. जवा बगावं तवा ऊन नि वारा. आगर बारा म्हयने चालू!"

झालं, गोटीरामला त्या मुलखाचं वेडच लागलं. न पाहिलेल्या कच्छच्या उन्हाची तो अशी वर्णनं करायचा, जणू कालच अंगावर घेऊन आलाय. पुढच्या वैशाखात अवकाळी पावसानं चार ढीग विरघळवले, तेव्हा तो वीस वर्षांच्या कान्ह्यावरच उखडला. "कशाला मरतंस हितं? जा त्या मुलखात. जिथं ढगाला वाट ठावं नाय, तिथं जा!"

कान्हा शब्दाचा पक्का. महिन्याभरात धर्माच्याच मचव्यानं गेला.

त्याची पत्रं शाळेतले कमळाकर मास्तर वाचून दाखवायचे. 'बाबा, तुम्ही म्हणत होता तसंच आहे. आभाळ कोरं. मीठ पांढरंशुभ्र.' गोटीराम ते पत्र खिशात घालून गावभर मिरवायचा. भर श्रावणात, चिखल तुडवणाऱ्या शेतकऱ्यांना थांबवून सांगायचा, "माजे पोराचे आंगावर आज ऊन हाय!" लोक हेवा करायचे. कान्हा आगरावरून यायचा होता, म्हणून पुतळा मडकं उघडायची नाही. ती मडकं चुलीजवळ सरकवायची. पावसाळी हवेनं मिठाला पाणी सुटायचं, मडकं बाहेरून ओलं व्हायचं, आणि दसऱ्यापर्यंत आत मिठाचा नुसता लगदा उरायचा. तो ती गुपचूप परड्यात ओतायची.

दर पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची: 'आगर बंद झालं की येतो.'

पाच पावसाळे असे गेले. सहाव्या पावसाळ्यात पुतळा तापानं अंथरुणाला खिळली. गोटीराम घरीच होता. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, आणि ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "कान्ह्याचं आगर बुडलं काय वो?"

त्याला खोटं बोलता आलं नाही. "नाय बुडलं," तो म्हणाला. श्रावण संपायच्या आत ती गेली.

मास्तरांनी कान्ह्याला कळवलं. उत्तर आलं. मास्तर वाचता वाचता थांबले, तेव्हा गोटीराम म्हणाला, "वाचा." 'आई गेल्याचं वाचून फार रडलो. पण आगर चालू आहे. चालू आगर सोडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. बंद झालं की येतो.'

दिवाळी झाली तसा गोटीराम आगरावर गेला. पण आता त्याचं मीठ ओढण्यात लक्ष लागेना. फाल्गुनात एके दुपारी, पांढरंफेक मीठ पायांशी तयार असताना, त्यानं फावडं बांधावर आडवं ठेवलं आणि चालू लागला. बाकीचे आगरी हातातली कामं थांबवून बघत राहिले. तो सरळ शाळेत गेला.

"मास्तर, लिवा. कान्ह्या, आज आगर चालू हाय, मीठ तयार हाय, आनि मी सोरून घरी आलोय. नेम माजा व्हता, मीच मोरलाय. आता तू ये."

पत्र टाकायला सांगून तो घरी गेला. फाल्गुनातली दुपार त्यानं आपल्या घरात कधी पाहिलीच नव्हती. कुठं बसावं तेही कळेना. शेवटी पुतळा बसायची त्या उंबऱ्यावर तो बसला. शेजारची भागीरथी धावत आली. "दादा, आगर बुडलं काय?"

"नाय. चालू हाय."

समोर पाहिलं, तर त्या उंबऱ्यावरून अख्खं आगर दिसत होतं. वाकलेली माणसं दिसत होती, कोण कुठल्या बांधावर तेही ओळखू येत होतं. त्यानं आडवं ठेवलेलं फावडंसुद्धा दिसत होतं.  इतकी वर्षं ती रोज इथून त्याला पाहत होती, आणि त्यानं एकदाही या बाजूला मान वळवली नव्हती.

"यवरं दिसतं हितून," तो रिकाम्या घराला म्हणाला. त्या दिवशी तो आगरावर परत गेला नाही.