भुयाराला दिलेले साडेचार मार्क

अकोल्याच्या जठारपेठेत हसनैनचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पण त्याला ओळखणारे निम्मे लोक पत्रिका छापायला आलेले नसतात. ते त्याला ओळखतात बोर्ड गेममुळे. बारा वर्षं झाली, हा माणूस दर रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत चार जण जमवतो, नवा गेम फोडतो, तीनदा खेळतो आणि मोबाईलसमोर बसून दहापैकी मार्क देतो. मराठीत असं करणारे आहेत किती? त्यामुळे पुण्या-नाशिकचे लोकसुद्धा दोन-तीन हजारांचा डबा घेण्याआधी विचारतात, हसनैनभाईंनी किती दिले? आणि हसनैनभाई कंजूस! सात मार्क मिळाले तरी गेमवाल्यानं पेढे वाटावेत.

त्याचा एक नियम होता. गेम बनवणारा खोलीत बसला तरी चालेल, पण खेळ चालू असताना त्यानं तोंड उघडायचं नाही. डबा घरी नेणाऱ्याजवळ बनवणारा थोडाच बसलेला असतो? जे काय सांगायचं ते नियमांच्या पुस्तकात लिहा, नाहीतर गप्प राहा. नियम चांगलाच होता. वाईट माणसाच्या हातून वाईट झालं तर राग तरी धरता येतो, इथं तीही सोय नाही.

अमरावतीचा किशोर हा त्याचा कॉलेजातला खोलीमित्र. एका स्टोव्हवर दोघांनी तीन वर्षं खिचडी जाळली. किशोर पुढे शाळेत ड्रॉइंगचा मास्तर झाला आणि हसनैनच्याच नादानं गेमच्या नादी लागला. तीन वर्षं शाळा सुटल्यावर बसून त्यानं 'भुयार' नावाचा गेम बनवला. एकशे वीस पत्ते, प्रत्येकावरचं चित्र हातानं काढलेलं. सुरुवातीला सगळ्यांजवळ तेच दहा भुक्कड पत्ते. खेळता खेळता चांगले पत्ते मिळवायचे, आपला पत्त्यांचा कॅट तगडा करायचा, किल्ल्याखालच्या भुयारात उतरायचं, खजिना उचलायचा आणि पहारेकऱ्याच्या तावडीतून जिवंत वर यायचं. पुण्याचा एक प्रकाशक हजार डबे काढायला तयार होता. अट एकच, आधी हसनैनचा निकाल येऊ द्या.

"मी तुहा दोस्त हाय म्हणून दोन मार्क जास्तीचे देईन, असं समजू नको," हसनैन फोनवर म्हणाला.

"देऊ बी नको," किशोर म्हणाला. "तू खरं बोलतो म्हणून तं तुह्याकडं येऊन राहिलो."

त्या रविवारी टेबलावर तीन डबे होते. एक परदेशी, ड्रॅगनवाला, विटेएवढा जड. एक बंगळुरूचा. आणि तिसरा किशोरचा. तिन्ही एकाच जातीचे, म्हणजे कॅट बनवा आणि भुयारात उतरा. किशोर कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसला होता, पोरगी दाखवायला आलेल्या बापासारखा.

पहिले दोन गेम झकास झाले. 'भुयार' मात्र लंगडायला लागला. गेममध्ये असं होतं की तुम्ही आवाज केला की पहारेकऱ्याची सोंगटी तुमच्या डाव्या हाताच्या गड्याकडे जाते, आणि त्याची पाळी आली की त्याला जखम. बचावासाठी ढाल जमवायची. पण जमवणार कधी? सोंगटी आली की लगेच त्याचीच पाळी यायची आणि बिचारा आडवा! चौथ्या फेरीला तौहीद नावाचा गडी वैतागून म्हणाला, "ये तो जुलूम है भाई."

किशोर खुर्चीवरून अर्धवट उठला. हसनैननं हात वर केला. "बोलू नको बा. नियम म्हंजे नियम." सगळे हसले, किशोरही हसला आणि खाली बसला. तिसऱ्या डावात तो पुन्हा उठला, तेव्हा हात वर करायचीही गरज पडली नाही, आपलाच आपण बसला.

हसनैननं 'भुयार'ला तिसरा नंबर दिला. चित्रं सुरेख, पण पहारेकरी अन्यायी. खेळणाऱ्याला सावरायला वेळच नाही. खरं तर मनात त्यानं पाच दिले होते. मग वाटलं, लोक म्हणतील दोस्ती निभावली, म्हणून अर्धा मार्क कापला. साडेचार! न्यायाधीश झाले होते ना साहेब! प्रकाशकाचा किशोरला फोन आला, "सध्या थांबू या." ते सध्या कधी संपलंच नाही. किशोरनं एका शब्दानं तक्रार केली नाही. फक्त त्याचे फोन कमी झाले, आणि हसनैनला वाटलं, शाळेत कामं असतील.

दोन वर्षांनी ईदला हसनैन सासुरवाडीला, अंजनगाव सुर्जीला गेला. बायको शाइस्तानं फळीवरून एक डबा पिशवीत टाकला होता, चित्रं छान आहेत म्हणून. तो 'भुयार' निघाला. दुपारी जेवणं झाल्यावर शाइस्ता, तिची बहीण अफिफा, सासू हमिदाबी आणि हा असे चौघं सतरंजीवर बसले. हसनैननं पत्ते वाटायला घेतले.

"अजी, उल्टा काहेकू बांट रहे तुम?" शाइस्ता म्हणाली.

तो डावीकडे वाटत होता. परदेशी गेमांची पुस्तकं वाचून वाचून बारा वर्षांत हाताला तीच सवय लागली होती, आणि रविवारच्या गड्यांनाही त्यानंच लावली होती. पण सासुरवाडीत मेंढीकोट असो की आणखी काही, पत्ते उजवीकडे वाटतात आणि पाळीही उजवीकडे जाते. लहानपणी तोही तसाच खेळला होता. हमिदाबींशी वाद कोण घालणार? पाळी उजवीकडे फिरू लागली.

दुसऱ्याच फेरीत त्याचा हात थांबला. डावीकडचा गडी म्हणजे आत्ताच खेळून गेलेला गडी! पहारेकरी त्याच्याकडे गेला तरी त्याची पाळी यायला अजून फेरी बाकी. तोवर बाकीच्यांकडून ढाली मिळवायला घासाघीस, सौदे, आरडाओरडा. हमिदाबी चष्मा वर करून ढालीसाठी लेकीशी भांडत होत्या. किशोरनं पुस्तकात पाळी कुठल्या बाजूला ते लिहिलंच नव्हतं, कारण पत्ते डावीकडेही फिरतात हे त्या अमरावतीच्या मास्तरच्या डोक्यातच आलं नव्हतं. असा नेटका गेम हसनैननं बारा वर्षांत पाहिला नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं रिकामा दुसऱ्याचा बैल राहिला होता.

परत आल्या आल्या त्यानं 'माझं चुकलं' म्हणून नवा निकाल टाकला. नऊ मार्क. पुण्याला फोन केला, तर प्रकाशक दुसऱ्याच कामात गुंतलेला. मग तो बसनं अमरावतीला गेला.

किशोरच्या बायकोनं, रागिणीनं, दार उघडलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "बैल गेला अन् झोपा केला, भाऊजी." आणि चहा टाकायला आत गेली. तिला बोलायचा हक्कच होता.

"आमी पाळी उलटी फिरवून राहिलो, हे तुले त्याच दिवशी दिसलं होतं नं?" हसनैननं विचारलं.

"दिसलं होतं."

"मंग मले नंतर फोन काहून नाही केला? शिव्या काहून नाही घातल्या?"

किशोर बोटं चोळत म्हणाला, "पहिल्यांदा वाटलं, करावा. मंग वाटलं, एवढ्याशा गोष्टीनं जो गेम मोडते, तो मुळातच कच्चा असंन. तुले त्यात आणखी काई दिसलं असंन, जे मले नाही दिसत."

"काही नव्हतं बा त्यात! गेम अव्वल हाये. त्या दोघांपेक्षा अव्वल हाये. मी मूर्ख निघालो. तू नवा बनव. मी छापतो, माह्या दुकानात."

किशोर हसला. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"हसनैन, तू वाईट म्हणला तवा मले लगेच पटलं होतं. आता तू चांगला म्हणून राहिला, तं पटतच नाही. मी लय प्रयत्न करून पाह्यला. तुहा नवा निकाल तीनदा ऐकला."

रागिणीनं चहा आणून ठेवला. किशोरनं कप त्याच्यापुढे सरकवला आणि विचारलं, यंदा लग्नाच्या तारखा किती आहेत, धंदा कसा आहे. हसनैन सांगत राहिला.