लाईट गेली नव्हती

डबा घेऊन मी दवाखान्याचा जिना चढत होतो, तेवढ्यात वरून मुलीचा फोन आला. "पप्पा, लवकर या..." मी पोचेपर्यंत शोभा गेली होती. डब्यात मुगाची खिचडी होती आणि माझ्या तोंडात एक वाक्य होतं, दोन वर्षं बायकोला सांगायचं राहिलेलं. त्या दिवशी सांगणारच होतो. आता दीड महिना झाला. मी सातवी शिकलेला माणूस, खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात जन्म गेला. गोड लिहिता येत नाही. झालं ते सांगतो.

टोकरखाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या तक्रारी शोभाकडे यायच्या, फोनवरच्या ग्रुपवर. पाणी, लाईट, गटार, कोणाचं काहीही अडू दे. ती खाली "बघते" एवढंच लिहायची, आणि खरंच बघायची. पण लोक मेले दिवसभर फुलं, देव आणि सुविचार पाठवणार, त्यात तक्रारी बुडणार. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीचा नळ चार दिवस कोरडा राहिला, कारण तिचा मेसेज गुलाबांखाली गेला होता. शोभा रडली. तेव्हा वैशाली, आमची मुलगी, पुण्याहून आलेली. ती कॉम्प्युटरचंच काम करते. तिनं घरातल्या जुन्या मशीनवर एक प्रोग्राम बसवला. मला समजलं ते असं : शोभानं प्रत्येक मेसेजला सांगायचं, हा पाण्याचा, हा लाईटचा, हा फालतू. कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा आला ते मशीन मोजून ठेवणार. नवा मेसेज आला की त्यातले शब्द कुठल्या ढिगाकडे जास्त ओढतात ते बघून तिकडे टाकणार.

"म्हणजे अंदाजच ना?" मी म्हणालो.

"आणि तुम्ही नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलं म्हणता, ते काय असतं हो?" शोभा म्हणाली.

आमची माणसं मराठी, गुजराती, हिंदी एकत्र कालवून लिहिणार. 'नल में पाणी नथी.' जेवण आवरलं की शोभा चष्मा लावून बसायची आणि मशीनला पोरासारखं शिकवायची. "चुकलास रे, हे गटाराचं." जाताना वैशालीनं बजावलं होतं, "आई, मोजलेलं सगळं चालू मेमरीतच आहे. डिस्कवर उतरवायची सोय मी पुढच्या खेपेला करते. तोवर मशीन बंद करू नका, सगळं पुसलं जाईल."

मी ऐकलं होतं. पण आमच्या खात्यात शेवटचा माणूस निघाला की त्यानं मेन स्विच पाडायचा, हा नियम. तीस वर्षं हाताला लागलेला. अथालला लग्न होतं. शोभा पुढे गेली, मी कुलूप लावायला मागे राहिलो. हात वर गेला, मेन खाली. संध्याकाळी परत आल्यावर मी पुढे होऊन गपचूप तो चढवला. मशीन उठलं, पण ढीग सगळे कोरे... तिचं दोन महिन्यांचं शिकवणं. ती माझ्याकडे बघत होती.

"लाईट गेली असंल," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली. चष्मा लावला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

तेराव्यानंतर मी तिचा फोन चाळत बसलो. त्या लग्नाच्या दिवसावर आलो. पाण्याच्या दोन तक्रारी, गटाराची एक. लाईटची एकही नाही. पंखा जरा मंद फिरला तरी मेसेज ठोकणारी आमची सोसायटी, लाईट गेली असती तर रांग लागली असती. शोभानं ते त्याच संध्याकाळी वाचलं असणार. म्हणजे तिला ठाऊक होतं. तरी तिनं एका शब्दानं टोचलं नाही. मी आपणहून बोलेन म्हणून थांबली असेल का? विचारणार कोणाला...

मशीन अजून चालू आहे. वैशालीनं सोय केली, आता बंद केलं तरी काही पुसत नाही. तरी मी मेन पाडत नाही. शोभा गेल्यावर ग्रुपवर हार आणि दिवे घातलेल्या श्रद्धांजल्या आल्या, मशीननं त्या सगळ्या फालतूत टाकल्या. तिनंच तसं शिकवलेलं. मी हसलो.

परवा मी ग्रुपवर, सगळ्यांसमोर लिहिलं : "शोभा, त्या दिवशी लाईट गेली नव्हती. मेन मी पाडला." मशीननं लगेच तो मेसेज उचलला आणि लाईटच्या तक्रारींत ठेवला. तिथंच आहे. खाली 'बघते' यायचं राहिलंय.