कानाखालची गाठ

ब्राझीलमधल्या बाहियाच्या उत्तरेकडचं काटेरी रान साऱ्या गावाचं. कुंपण नाही. मेंढरू कुणाचं ते कानाच्या चिरीवरून ओळखायचं. वर्षातून एकदा ही चीर मारायचं काम चाळीस वर्षं म्हाताऱ्या एरुंदिनाकडं. सुरी एक, हात हलका. कोकरांचे कान झाले की त्याच सुरीनं मोठ्या मेंढरांच्या गाठी फोडायच्या, पू कोंडवाड्याच्या मातीतच पिळायचा, पातं झग्याला पुसायचं नि पुढचं घर गाठायचं.

गाठ काट्यानं होते, असं सगळेच म्हणत. काट्यांना तिथं काय तोटा?

पण यंदा कोवळ्या कोकरांनाच गाठी आल्या, नेमक्या कानाखाली. मोठी मेंढरं वाळून निम्मी झाली. एरुंदिनाच्याच कोंडवाड्यात अकरा कोकरं गाठीची. स्वच्छ होती ती फक्त वाल्दोमिरोची. तीन वर्षांपूर्वी त्यानं तिच्याशी भांडण काढलं, तेव्हापासून कान तो घरीच कापायचा, वेडेवाकडे.

ती त्याच्याकडं गेली नि कोकरांचे जबडे चाचपू लागली.

"काय हुडकतीस गं म्हातारे?"

"गाठ. तुझं रान निराळं हाय व्हय?"

"रान त्येच, काटं त्येच."

"मग निराळं काय?"

"तू आली न्हाईस, एवढंच," म्हणून वाल्दोमिरो हसला. ती हसली नाही.

घरी हे ऐकून बहीण नेदिना म्हणाली, "गप बस. कोन बघाय आलंय? नाव जाईल तुजं."

"नाव ऱ्हाईल नि मेंढरं जातील," एरुंदिना म्हणाली.

पुढल्या कानकापणीला सगळे जमले, तेव्हा तिनं आधी सांगून टाकलं, "गाठ काट्यानं न्हाई आली. म्या आणली, ह्या सुरीनं, घरोघर."

कोकरू काखेत धरून आलेला जिल्दाझियू म्हणाला, "मग सुरी खाली ठेवतीस?"

"न्हाई. शिजवते."

तीन दगडांवर पातेलं चढलं. सुऱ्या दोन, एक उकळत्या पाण्यात, एक हातात. दर कोकरामागं अदलाबदल.

"सुरीचं सार व्हय गं? मक्याचा वाफवलेला कुसकुस आणू बुडवायला?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"आण. आधी तुलाच वाढते."

गाठीची मेंढरं शेवटाला, कोंडवाड्याबाहेर. पू चिंध्यांत टिपून चिंध्या जाळल्या. दुपारी संपणारं काम दिवस मावळेपर्यंत चाललं. लोक कुरकुरले, पण कोकरं धरून उभे राहिले.

चार महिन्यांनी ती घरोघर जबडे चाचपत फिरली. जिल्दाझियूच्या बावन्न कोकरांत तीन गाठीची निघाली.

"तीनच?" तो म्हणाला.

"तीन ऱ्हायलीत की अजून," ती म्हणाली. "निराळी बांध त्यास्नी. आत्ताच."