डिलेच्या दहा पेट्या

कंपनीच्या एरिया मॅनेजरने मला फसवलं. मी संजयला फसवलं. आणि संजयच्या बायकोची खात्री झाली की संजय तिला फसवतो आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. संसार मोडायला निघाला होता तो तिसरीवरून.

माल होता कंडोम.

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात माझं मेडिकल स्टोअर आहे. मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. रायपुरात आलो तेव्हा एका होलसेलरच्या गोदामात पेट्या उचलल्या, त्यातून फी भरली, डी. फार्म. केलं आणि स्वतःच्या नावाचं लायसन्स भिंतीवर लावलं. मला कुणी काही फुकट दिलं नाही, म्हणून मीही कुणाला सहज सोडत नाही. दहावर एक पेटी फ्री मिळत असेल तर मी दोन मागतो आणि दीड घेऊन उठतो. कंपन्यांची पोरं माझ्या दुकानात शिरण्याआधी बाहेर उभं राहून पाणी पितात, असं शेजारचा टेलर सांगतो. मला त्यात काही वाईट वाटत नाही.

ही गोष्ट घडली तेव्हा राज्य नवीन होतं. गाड्यांच्या पाट्यांवर एमपीचं सीजी होत होतं. पूर्वी कंपनीचा माणूस जबलपूरहून दोन महिन्यांतून एकदा यायचा. रायपूर राजधानी झाल्यावर प्रत्येक कंपनीने इथे स्वतःचा डेपो उघडला आणि मॅनेजर बसवला. कंडोमच्या कंपनीचा मॅनेजर आता दर मंगळवारी यायला लागला, टार्गेट घेऊन.

अशाच एका मंगळवारी त्याने मला डिलेच्या दहा पेट्या दिल्या. डिले म्हणजे ‘जास्त वेळ’वाला कंडोम. मी विचारलं, यात वेगळं काय आहे? तो म्हणाला, ‘‘भैया जी, हर्बल कोटिंग है. ताकत वाला. जिसका काम बीच में बिगड़ जाता है, उसको आँख बंद करके यही दो.’’

मी डोळे बंद करून काही घेत नाही. पण त्या दिवशी त्याने दहावर दोन पेट्या फ्री दिल्या, तेही मी न भांडता. तिथेच मला संशय यायला हवा होता.

आता संजय. नाव बदललं आहे, कारण तो अजून बीरगांवातच राहतो. तुमसरकडचा, म्हणजे माझ्याच जिल्ह्यातला माणूस, रोलिंग मिलमध्ये फर्नेसवर काम करायचा. अंगाने चांगला भरलेला. एकदा दुपारी गिऱ्हाईक नसताना आला, शोकेसमधल्या ग्राइप वॉटरकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग खिशातून एक फाडलेलं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

‘‘भाऊ, हा माल खराब हाय.’’

‘‘फाटला काय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग काय झालं? उघडलेला माल मी वापस घेत नाही, हे तुले माहीत हाय.’’

‘‘वापस नोका घेऊ. दुसऱ्या कंपनीचा द्या.’’

‘‘याच्या आधीचा दुसऱ्याच कंपनीचा होता. त्याच्या आधीचा तिसऱ्या. सगळ्या कंपन्या खराब हाय अन् तू एकटा चांगला?’’

तो लाल झाला. मग काउंटरवर कोपर टेकवून हळू आवाजात त्याने सगळं सांगितलं.

त्याची बायको रंजना. पहिली मुलगी ऑपरेशनने झाली होती, आठ महिन्यांची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की टाके नीट भरू द्या, इतक्यात दुसरं नको. तांबी बसवली ती रंजनाला सोसली नाही, काढावी लागली. मूल अंगावर पीत होतं, म्हणून नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या नाहीत. राहिला कंडोम. आणि तिथे संजयचं गाडं अडलं होतं.

‘‘आधी सगळं बराबर असते, भाऊ. पाकीट फाडेपर्यंत बराबर. ते लावाले गेलो का खलास. तसाच बसून राहतो.’’

‘‘दरवेळी?’’

‘‘दरवेळी. आता तं पाकिटाचा आवाज आला तरी होते.’’

‘‘अन् बायको काय म्हणते?’’

‘‘ती म्हणते, इथं होत नाही म्हणजे कुठं तरी होऊन राहिलं. मिलमध्ये कोण हाय ते सांग. पोळ्याले माहेरी जाते म्हणे. अन् वापस येत नाही म्हणे.’’

पोळा तीन आठवड्यांवर होता.

मी त्याला डिलेचे चार नग दिले. आँख बंद करके.

इथे माझ्या धंद्याची एक पद्धत सांगायला हवी. शहरात, चौबे कॉलोनीसारख्या ठिकाणी, लोक अख्खं पाकीट घेतात. बीरगांवात एक किंवा दोन नग मागतात, कारण अख्खं पाकीट घरात ठेवायला जागा नसते. एका खोलीत आई, भाऊ, वहिनी सगळे. म्हणून आम्ही पाकीट आपणच फोडतो, नगांची पट्टी कात्रीने कापतो आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून देतो. गिऱ्हाईक नाव घेत नाही, आपणही घेत नाही. पाकिटात एक घडी केलेलं माहितीपत्रक असतं. ते मागे राहतं. माझ्याकडे अशा पत्रकांचा गठ्ठा जमायचा. मी त्यांनी काउंटरची काच पुसायचो. कागद चांगला असतो, काचेवर रेघ उठत नाही.

आठ दिवसांनी संजय आला तो ग्राइप वॉटरकडे न बघता थेट माझ्यासमोर.

‘‘भाऊ, तुमी मले काय देल्लं?’’

‘‘काहून? काय झालं?’’

‘‘पयले लावेपर्यंत तरी समजत होतं. आता लावल्यावर काही समजतच नाही. आहे का गेलं, हात लावून पाहा लागते. सुन्न.’’

‘‘कसं सुन्न होईन? ताकतवाला माल हाय तो.’’

‘‘अन् तिलेही मुंग्या आल्या. ती म्हणे, आता माह्यावरच औषध टाकून राहिला काय? दोन दिवस झाले, बोलत नाही. ट्रंक भरून ठेवली तिनं.’’

तो गेल्यावर मी एक नग फाडला. टोकाच्या आत मलमासारखा पांढरट थेंब होता. बोटावर घेतला आणि जिभेला लावला. दोन मिनिटांत जिभेचा शेंडा माझा राहिला नाही. दाढ काढताना दातांचा डॉक्टर हिरडीला लावतो ते हेच औषध: बेन्झोकेन. बधिर करणारं. ज्याचं फार लवकर आटपतं, त्याची जाणीव जरा कमी व्हावी म्हणून घालतात. म्हणजे ज्याचा जोरच आधी पळून जातो आहे, त्याला मी जाणीव मारण्याचं औषध दिलं होतं. पाय घसरणाऱ्याला तेलाची वाटी.

तेवढ्यात एक म्हातारी खोकल्याचं औषध घ्यायला आली आणि भाव करायला लागली. मला पंधरा मिनिटं नीट बोलता येईना. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाने सांगितलेल्या किमतीत माझ्याकडून माल गेला. याचाही हिशोब मी मॅनेजरच्या नावावर धरला आहे.

मंगळवारी तो आला. मी त्याला बसू दिलं नाही.

‘‘ये हर्बल है?’’

‘‘बिलकुल, भैया जी.’’

‘‘तो चाट.’’

‘‘क्या?’’

‘‘उंगली पे ले और चाट. हर्बल है ना? तुलसी समझ के चाट.’’

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. शेजारचा टेलर टेप गळ्यात घालून दारात येऊन उभा राहिला. मॅनेजरने इकडेतिकडे पाहिलं. टार्गेटचा महिना होता, मी मोठं गिऱ्हाईक होतो. त्याने चाटलं.

‘‘अब बोल.’’

तो बोलत राहिला. स्कीम सांगितली, पुढच्या महिन्याची ऑफर सांगितली. मग त्याचे शब्द एकेक करून घसरायला लागले. ‘स्टॉक’ म्हणताना त्याच्या तोंडातून नुसती हवा आली. टेलर हसत हसत बाहेरच्या पायरीवर बसला.

‘‘काहून दिलं मले हे?’’ मी रागात मराठीवर आलो होतो. ‘‘एका माणसाची बायको घर सोडून चालली तुझ्यापायी!’’

तो जीभ चोळत म्हणाला, ‘‘भैया जी, लीफलेट में सब लिखा है. आपने पढ़ा नहीं?’’

मी शेल्फवरून सीलबंद पाकीट काढून फोडलं. पत्रक होतं. बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की यात बधिर करणारं औषध आहे, जाणीव कमी होऊ शकते, जोडीदारालाही त्रास होऊ शकतो. मी त्या पत्रकाकडे पाहिलं आणि मग माझ्या काउंटरच्या काचेकडे. काच लखलखीत होती.

खोटं त्याने सांगितलं होतं, हे मी आजही म्हणतो. पण त्या क्षणी मला भांडता आलं नाही, आणि ते मला फार झोंबलं. उरलेल्या पेट्या मी त्याच्या स्कूटरवर बांधून परत पाठवल्या.

पोळ्याला दहा दिवस उरले होते. मी चौबे कॉलोनीतल्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. वयस्क बाई, नागपूरच्या, त्वचा आणि गुप्तरोगाच्या. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे यायच्या, म्हणून ओळख होती. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

‘‘सकाळी उठताना त्याला ताठरता येते?’’

‘‘येते म्हणाला. कंडोम नसला की सगळं ठीक असतं.’’

‘‘मग शरीरात बिघाड नाही. नाहीतर मी आधी शुगर, बीपी बघितलं असतं. हे फार जणांचं होतं हो. सांगत कोणी नाही. माणूस बायकोकडे बघायचं सोडून पाकिटाकडे बघतो. कुठून फाडू, कोणती बाजू वर, जमेल का, मागच्या वेळी नव्हतं जमलं. ध्यान गेलं की ताठरता जाते. आणि एकदा गेली की पुढच्या वेळी तो ती जायचीच वाट पाहत बसतो.’’

‘‘मग उपाय?’’

‘‘सवय. एकट्याने चार-पाच वेळा लावून बघायला सांगा, घाई नसताना. पाकीट हाताशी असू दे, शोधाशोध नको. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग उलगडत खाली. उलगडलं नाही तर उलटं बसलंय, ते फेकून नवीन घ्यायचं. आवळत असेल तर जरा रुंद मापाचं द्या. आत पाण्याच्या जेलीचा एक थेंब. खोबरेल नाही, त्याने रबर फाटतं. आणि सगळ्यात मुख्य, ते बायकोला लावू दे. म्हणजे मधली सुट्टी होत नाही.’’

मग त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही गिऱ्हाइकांना यातलं काय सांगता?’’

‘‘मी फार्मसिस्ट आहे, बाई. मास्तर नाही.’’

‘‘दुकानात सांगत नाही, पत्रक देत नाही, माझ्याकडे कोणी येत नाही. मग त्यांना हे स्वप्नात कळतं का?’’

मला राग आला.

मी संजयला निरोप दिला की बायकोला घेऊन ये, मुलीचं वजन करायचं आहे म्हणून सांग. दुपारी दोघं आली. रंजना उंच, कडक, कडेवर मुलगी. मी मुलीचं वजन केलं, मग सरळ तिलाच सांगितलं, ‘‘ताई, चूक याची नाही. मी चुकीचं औषध देल्लं. बधिर करणारं.’’

‘‘अन् त्याच्या पयले? तवा तं तुमचं औषध नव्हतं.’’

प्रश्न बरोबर होता. मी एक पाकीट फोडलं, आतलं पत्रक काउंटरवर ठेवलं, बिलबुकावरचा जाड मार्कर घेतला आणि डॉक्टर बाईंनी सांगितलेलं सगळं त्या मार्करवर करून दाखवलं. पहिल्यांदा मी स्वतःच उलटं बसवलं. वीस वर्षं विकत आलो होतो. उलगडेना. मी जोर लावला, मार्कर निसटून खाली गेला आणि काउंटरच्या आत घरंगळला.

रंजना पदर तोंडावर धरून हसायला लागली. संजय तिच्याकडे बघत होता. बऱ्याच दिवसांत तिला हसताना त्याने पाहिलं नसावं.

‘‘म्हणजे मिलमध्ये कोणी नाही?’’ ती त्याला म्हणाली.

‘‘फर्नेस हाय. बाराशे डिग्रीची. तिच्याजवळ कोण येईन?’’

‘‘मग मले काहून नाही सांगितलं का हे असं होते?’’

‘‘काय सांगू? तुले तोंड दाखवाची लाज वाटे.’’

‘‘लाज वाटे तं अंधारात एकटाच ते पाकीट दातानं फाडत बसला. मी आपली इकडं तोंड करून पडली राहो. मले वाटे, याले मी आवडत नाही आता.’’ मग ती माझ्याकडे वळली. ‘‘भाऊ, ते माह्या हाती द्या. अन् तो कागद पण द्या, मी वाचतो.’’

कागद इंग्रजीत होता. मी बिलाच्या पाठीमागे मराठीत सगळं लिहून दिलं, चित्रासकट. चित्र चांगलं आलं नाही.

पोळ्याला रंजना माहेरी गेली. मी मनातल्या मनात कंपनीला शिव्या घालत बसलो. पाचव्या दिवशी ती परत आली, ट्रंक न घेता नुसती पिशवी घेऊन गेली होती असं कळलं. त्या आठवड्यात ती एकटीच दुकानात आली, मुलीसाठी ग्राइप वॉटर घेतलं आणि नंतर स्पष्ट आवाजात म्हणाली, ‘‘अन् ते, रुंदवालं. दहा.’’ दुकानात तीन पुरुष उभे होते. तिघांनी एकदम पंख्याकडे पाहिलं.

तेव्हापासून माझ्या दुकानात सुटा नगही माहिती दिल्याशिवाय जात नाही. लोक आधी पळायचे, आता थांबतात. धडा इतकाच: जो माल आपण नाव न घेता विकतो, त्याची तक्रारही नाव न घेता येते, आणि ती बहुतेक वेळा बायकोच्या ट्रंकेतून येते.

माझी चूक मी रंजनासमोर कबूल केली, आणि इथेही करतो. पण त्या मॅनेजरचं काय? त्या वर्षी सगळ्या राज्यात सर्वांत जास्त डिले त्याने खपवला म्हणून त्याला बढती मिळाली. माझ्यासारखी किती दुकानं त्याने धरली असतील आणि किती घरांत ट्रंका भरल्या गेल्या असतील, ते मला माहीत नाही. त्याला माहीत आहे. कंपनीला मी तीन पत्रं लिहिली. उत्तर म्हणून एक कॅलेंडर आलं. मला कॅलेंडर नको. ज्याने बधिर करणारा माल ताकतीचा म्हणून विकला, त्या माणसाने बीरगांवात यावं, रंजनासमोर उभं राहावं आणि तिला सांगावं की त्याने असं का केलं. आणि हर्बल हा शब्द तोंडातून काढलाच, तर तिच्यासमोर पुन्हा चाटून दाखवावं.