फुल्यांखालचा पाय

न्यूयॉर्कमधल्या एका चित्रकथांच्या कचेरीत अडेल ग्रुबर एकोणीस वर्षं शाई भरत होती. शेजारच्या टेबलावर विक पालुम्बो पेन्सिलीने चित्रं काढी आणि काळं हवं तिथे बारीक फुली मारी. अडेल त्या फुल्या ब्रशने बुजवी. नायकांच्या अंगावर फुल्या कमीच. खलनायक मात्र कुणी कुबडा, कुणी एकडोळ्या, कुणी थोटा. आणि नेमक्या त्या अवयवावर फुल्यांची गर्दी. अडेलने तेही निमूट भरलं. पेन्सिलवाल्याच्या रेघेत ढवळाढवळ करायची नाही, हा धंद्याचा नेमच होता.

१९५६च्या मार्चमध्ये नवा खलनायक तिच्यापुढे आला. लंगडा. पायाला कॅलिपर, तीन पट्टे, गुडघ्याशी बिजागरी. पोलिओनंतर तिच्या डाव्या पायाला होता, अगदी तोच.

"विक, हा माझा पाय आहे."

"मग! समोरच तर असतो. शोधायला कुठे जाऊ?"

"आणि हा दुष्ट कशाने झाला?"

"पाय गेला म्हणून. साऱ्या जगावर सूड!"

"माझा सहाव्या वर्षी गेला. मला अजून फक्त इथल्या लिफ्टवाल्यावर सूड घ्यावासा वाटतो."

विक खो खो हसला. अडेलला हसू आलं नाही. ब्रुकलिनच्या तिच्या गल्लीत पोरं हीच पुस्तकं वाचत. कुबड्याचा अंक आला तेव्हा कोपऱ्यावरच्या पाठीत वाकलेल्या शिंप्याला ती त्याच नावाने हाका मारू लागली. बिचाऱ्याने दारात बसणं सोडलं. आता पाळी तिची.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. खोडरबर घेतलं, सातही चौकटींतला कॅलिपर पुसला आणि खलनायकाला दोन धडधाकट पाय दिले.

संपादक हॅस्केल यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, मग हा दुष्ट आहे हे पोरांना कळणार कसं?"

"तो बँक लुटतोय, मिस्टर हॅस्केल."

छापखान्याचा माणूस दारात खोळंबला होता. पानं तशीच गेली.

शिक्षा झालीच. नायक-खलनायक दुसऱ्याकडे गेले; पुढची अकरा वर्षं अडेलच्या वाट्याला विटा, खिडक्या आणि रस्त्यावरची गर्दी. गर्दी विक नुसती अंड्यांसारखी गोल काढून सोडी. तिची माणसं शाईवालीने करायची. अडेल त्यांत दरवेळी एक बाई काढी. पायाला कॅलिपर, काखेत पाव. विकच्या लक्षात आलं असणार.

गल्लीतल्या एका मुलीने एकदा अंक पुढे धरला. "मिस ग्रुबर, इकडे इमारती कोसळतायत आणि ही बाई कुठे निघालीय?"

"घरी," अडेल म्हणाली. "जेवायची वेळ झालीय ना."