विस्तववाल्याचं पाणी

ताराचा फोन आला तेव्हा मी क्रॉयडनच्या ट्रॅममध्ये उभी होते आणि कानात मेश्रामकाकांचाच आदल्या दिवशीचा व्हॉइस मेसेज चालू होता. "शनिवारी सात वाजता ये. नवी सिरीज येतेय, ग्रीकांची. ट्रेलरमध्ये मला डोंगर दिसला बरं का! डोंगर आहे म्हणजे विस्तववाला असणारच. भांडायच्या तयारीत ये..." एवढं ऐकलं आणि मध्येच फोन वाजला. तारा त्यांची नात, सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली. "मावशी, आजोबा गेला... सकाळी, झोपेत." मी पुढच्याच स्टॉपला उतरले. काय करावं कळेना, म्हणून तो मेसेज पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत ऐकला. शेवटी ते म्हणत होते, "आणि हेल्मेटबद्दल एक शब्द काढलास तर चहा मिळणार नाही." मी स्टॉपवर उभी राहून रडता रडता हसले. शेजारच्या बाई थोड्या लांब सरकल्या.

आमची ओळखच भांडणातून झाली. लंडनच्या पिनर भागात त्यांच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात मी राहायला आले, त्या पहिल्याच शनिवारी पलीकडून आरोळी आली, "चूक! साफ चूक!" अस्सल नागपुरी आवाज. घरात कुणाची तरी खरडपट्टी निघतेय असं वाटून मी घाबरत घाबरत बेल वाजवली. दार उघडलं ते पांढऱ्या मिशांच्या एका गृहस्थांनी. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "मराठी का? मग ये, लवकर ये, पॉझवर ठेवलंय." ते टीव्हीला रागावत होते! पडद्यावर कुठलातरी ग्रीक वीर घोड्यावर बसून थबकला होता. मी पुण्याची, त्यातून सॉफ्टवेअर टेस्टर. चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पाच मिनिटांत मीही सुरू झाले. त्या काळी घोड्याला रिकिबी नव्हत्या, देवळं अशी पांढरीफटक नव्हती, रंगवलेली असायची, आणि हे हेल्मेट तर भलत्याच शतकातलं... काकांनी सगळं ऐकून घेतलं. "तू रिकिबी बघतेस? अगं, वर माणूस बसलाय, त्याच्याकडे बघ की!" तिथून आमचं जमलं ते जमलंच.

लंडनमधल्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात काकांची उभी हयात गेली होती. रविवार विहाराचा, वंदनेचा आणि अभ्यासवर्गाचा. शनिवार मात्र ग्रीकांचा. त्यांच्या पुढच्या खोलीत आठ-दहा माणसं जमायची आणि प्रत्येकाचा मोजायचा गज वेगळा. कुणी म्हणायचं, देव इतके काळे कसे, की दुसरा उसळायचा, तू पाहिलेस का देव? कुणाला ग्रीक राजे बातम्या वाचणाऱ्यांसारखं इंग्रजी बोलतात याचा राग. कुणी पुस्तक वाचून आलेला, तो दर दहा मिनिटांनी उसासे टाकायचा. तारा फोन खाली ठेवून बघत असेल तर सिनेमा चांगला, हे माझं गुपचूप ठरवलेलं माप. काकांचं माप एकच, आणि ते विस्तववाल्याचं. ज्यानं देवांच्या घरचा विस्तव चोरून माणसांना दिला आणि त्यापायी ज्याला डोंगरावर साखळदंडांनी बांधलं, ज्याचं यकृत रोज गरुडाला खाऊ घातलं, तो. त्याचं ग्रीक नाव काकांच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून तो विस्तववाला.

ही गोष्ट त्यांनी ऐकली ती नागपूरच्या शाळेत, सातवीत, शनिवारच्या शेवटच्या तासाला. गुरुजींच्या हातात पुस्तक नसायचं. गुरुजींनी सांगितलं होतं, देवांच्या राजानं हुकूम काढला, या चोराला कुणी पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही. पण ज्यांच्या चुली पेटल्या होत्या ती माणसं गप्प बसतील का? गावागावांनी पाळ्या लावल्या. रोज कुणीतरी मडकं घेऊन डोंगर चढायचं आणि त्याच्या ओठांना पाणी लावायचं. काका हे सांगताना उभे राहायचे, हातात नसलेलं मडकं सांभाळत दोन पावलं चालायचे. एकदाच, कप विसळता विसळता, ते मला म्हणाले होते, "शाळेत आम्हाला पाणी वरून ओतायचे. ओंजळीत. मडक्याला हात लावायची सोय नव्हती... त्या वर्गात बसून ऐकलंय मी हे." आणि म्हणूनच पडद्यावर तो डोंगर आला की काका ओरडायचे, "पॉझ कर!" मग स्वयंपाकघरातून स्टीलचा जग आणायचे आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या हातात भरलेला पेला द्यायचे. "यांनी गोष्टीतून पाणी गाळलंय. आपण तरी पिऊ."

मला गप्प बसायला काय झालं होतं! पण टेस्टरचा स्वभाव. लायब्ररीत जाऊन मी जुनी नाटकं, काव्यं, त्यांची भाषांतरं, मिळेल ते चाळलं. समुद्राच्या मुली त्याचं सांत्वन करायला येतात, एक वीर येऊन त्या पक्ष्याला मारतो... पाणी घेऊन डोंगर चढणारी माणसं कुठेच नव्हती. काही महिने मी तोंड बंद ठेवलं. मग एका शनिवारी काकांनी चॅनलला तक्रार करायचं ठरवलं आणि इंग्रजी मजकूर लिहायला मला बसवलं. "लिही, यू हॅव इन्सल्टेड द ओरिजिनल स्टोरी." माझी बोटं कीबोर्डवरच थांबली. सगळ्यांसमोर मी म्हणून गेले, "काका, हे मूळ कथेत नाहीये."

"कुठल्या मूळ कथेत?"

"कुठल्याच. मी सगळं बघितलं."

ते जग उचलून आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. पुढचे तीन शनिवार भिंतीपलीकडे शांतता. मला इतकी शरम वाटत होती की कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलाही मी ते बागेत नाहीत असं बघून जायचे. एका म्हाताऱ्या माणसाच्या गुरुजींना मी खोटं पाडलं होतं, तेही कुणी विचारलं नसताना.

चौथ्या शनिवारी सकाळीच बेल वाजली. दारात काका, अंगात कोट उलटसुलट, डोळे लकाकत असलेले. आत यायलाही तयार नाहीत. "अगं, म्हणजे ते गुरुजींनी घातलं! स्वतःच्या डोक्यातून! मी साठ वर्षं समजत होतो की ते पुस्तकातलंच सांगतायत. आमच्याकडे बघितलं असेल ना बाप्पा त्यांनी... मागच्या रांगेत बसलेल्या आम्हा पोरांकडे... आणि तिथल्या तिथे मडकं घेऊन माणसं डोंगरावर पाठवली!" ते चक्क नाचत होते. मी त्यांचा हात धरला आणि दोघंही दारातच हसत सुटलो. मग त्यांनी खिशातून कागद काढला. नवं पत्र. तक्रार मागे घेतली होती, मागणी ठेवली होती: पाणी मूळ कथेत नाही हे मला आता कळले आहे, तरी पुढच्या वेळी घालावे, ही विनंती. चॅनलकडून छापील उत्तर आलं, अभिप्रायाबद्दल आभार. ते त्यांनी फ्रिजवर चिकटवलं.

त्यानंतर शनिवारचा नूरच पालटला. कुणी "मूळ कथेत असं नाही" म्हटलं की काका सरसावून बसायचे. "बदललं ते बदललं. कशासाठी बदललं ते सांग. आमच्या गुरुजींनी बदललं ते पाणी पाजायला. यांनी बदललं ते सीझन टू काढायला!" असं म्हणून स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. डोंगर आला की जग मात्र फिरायचाच. माझ्या पेल्यात ते मुद्दाम काठोकाठ ओतायचे.

त्यांना जाऊन सहा आठवडे झाल्यावर ताराचा मेसेज आला, "सॅटरडे, सात वाजता. विस्तववाला एपिसोड आहे." त्यांच्या खोलीत नेहमीची माणसं होती, शिवाय ताराची एक मैत्रीण, पहिल्यांदाच आलेली. काकांच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. डोंगर आला, साखळदंड आले. हेल्मेट भलत्याच शतकातलं होतं, मी काही बोलले नाही. पाणी अर्थातच नव्हतं. तारानं रिमोट उचलून पॉझ केलं, आत गेली आणि तोच स्टीलचा जग घेऊन आली. एकेकाच्या हातात पेला देत ती मैत्रिणीपाशी पोचली तेव्हा त्या मुलीनं गोंधळून विचारलं, "वेट, इज दिस इन द स्टोरी? पीपल ब्रिंग हिम वॉटर?"

तारा थांबली. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. सगळी खोलीच माझ्याकडे बघत होती. चुका काढणारी मीच ना.

"हो," मी म्हटलं. "मूळ कथेतच आहे." आणि माझा पेला पुढे केला. तारानं तो काठोकाठ भरला.