हिराचे सुरतचे मिस्टर

हिरा वानखेडेला दोन मिनिटं एका जागी बसवत नसे. विश्रांतवाडीतल्या एका संस्थेच्या वर्गात खुर्ची मिळाली तरी ती टोकावर टेकायची, ओढणीला पीळ घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. वर्गाचं नाव सॉफ्ट स्किल. म्हणजे धुणीभांडी केलेल्या, कारखान्यातून कमी केलेल्या, वाशिम-लातूरकडून पोटासाठी आलेल्या माणसांना आयटी कंपनीत कसं हसावं, कसं बोलावं ते शिकवायचं. जन्मभर दुसऱ्यांची मर्जी सांभाळत आलेल्यांना हे शिकवायला वर्ग काढावा, हे फक्त पुण्यालाच सुचावं!

"ताठ बसा, समोर बघा," शिकवणाऱ्या उत्कर्षा मॅडम म्हणायच्या. "मुलाखतीत घरचं विचारलं तरी गडबडायचं नाही."

हिरा नेमकी तिथंच गडबडायची. "मिस्टर सुरतला असतात," हे वाक्य तिनं पुण्यात इतक्यांदा म्हटलं होतं, की सुरतला आपलं खरंच कुणी असावं असं तिलाही अधूनमधून वाटे. सुरतला कुणीच नव्हतं. मारकुट्या नवऱ्याला वाशिमला सोडून, लेकीला कडेवर घेऊन ती निघून आली होती. खोली बघायला गेली तेव्हा घरमालकीण सुशीलाबाईंनी दारातच सुनावलं होतं, "एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही. नंतरचं निस्तरायचं कुणी?" हिराच्या तोंडून सुरत निघून गेली आणि खोली मिळाली. लेकीची शाळा हाकेच्या अंतरावर, पाणी दोन्ही वेळा. अशी खोली पुन्हा कुठली मिळायला?

त्यात सुशीलाबाईंची सून चंद्रभागाही याच वर्गात, तिच्या शेजारीच.

येरवड्यातल्या एका कंपनीनं साफसफाईच्या कामासाठी मुलाखतीला बोलावलं, तेव्हाही दोघींना एकदमच आत घेतलं.

"काम रात्रपाळीचं आहे," टेबलापलीकडच्या बाई हिराला म्हणाल्या. "बायकांच्या घरून होकार असल्याशिवाय आम्ही घेत नाही. मिस्टरांचा नंबर सांगा, मीच बोलते."

"त्यांच्याकडे फोन नाही."

"मग सासरे? दीर? कुणीतरी असेलच की."

एखादा दीर उभा करणं तिला जड नव्हतं. खोटं बोलण्याचा तिला कंटाळाही नव्हता, त्यावर तिनं छप्पर मिळवलं होतं. पण ज्याच्या हातून सुटायला तिनं हाडं मोडून घेतली, त्याचाच होकार आता झाडू मारायलाही लागावा? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नवरा नाही, मॅडम. मी सोडलाय त्याला. माझा होकार आहे."

चंद्रभागानं गर्रकन मान वळवली. बाईंनी होकाराच्या रकान्यात तिचंच नाव लिहिलं. "सोमवारी या," त्या म्हणाल्या.

नोकरी लागली होती, पण आनंद करायची सोय नव्हती. बसस्टॉपवर हिरा येरझाऱ्या घालत होती.

"हिराताई, आई विचारतील," चंद्रभागा म्हणाली. "मी नाही लपवणार. मला त्याच घरात राहायचंय."

"नको लपवू. मीच सांगते."

बसमधून उतरल्यावर हिरा इतकी भराभर चालली की चंद्रभागाला धाप लागली. सुशीलाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. "बस की," त्या म्हणाल्या. हिरा बसली नाही. मॅडमनी घोटवून घेतलेली प्रमाण भाषा कुठल्या कुठे गेली.

"मावशी, सुरत-बिरत काई नाई. नवरा वाशिमले हाय. मी सोडलं त्याले."

सुशीलाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "म्हणजे इतकी वर्षं खोटं बोललीस?"

"हो."

"मग खोली खाली कर. वाटल्यास महिना घे."

हिराचे डोळे भरून आले, पण मान खाली गेली नाही.

"करीन," ती म्हणाली. "पण आता दुसरी खोली पाहाले जाईन, तं त्या सुरतवाल्याले संगं नाई नेणार."